किती इंच लागलं? हापशापासून बोअरपर्यंत, आपण न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण सोसायटीच्या पुढच्या मीटिंगआधी वाचा.

एप्रिल-मे आला की पनवेलमध्ये बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. देहरंगचं पाणी आटत आलेलं असतं, टँकरचे दर चढलेले असतात. मग मीटिंग होते, ठराव होतो आणि आठवडाभरात कंपाउंडमध्ये खडखड सुरू होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे प्रश्न दोनच. किती फुटांवर लागलं? किती इंच लागलं?

त्या पाण्यात काय आहे, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, जमिनीच्या पोटातून आलेलं असतं, मग विचारायचं काय?

ही सवय आजची नाही. तिच्यामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची किंमत आपल्याच राज्यातल्या माणसांनी दातांनी आणि हाडांनी मोजली आहे. कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल आपण बोलतो. कासाडीच्या प्रदूषणावर भांडतो, कारण तिथे वास येतो, रंग दिसतो आणि दोषी कोण तेही दाखवता येतं. आज मी बोलणार आहे ते खडकातून आपसूक पाण्यात उतरणाऱ्या गोष्टींबद्दल. त्यांना ना वास, ना रंग. त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढायचा तर कोणाच्या दारात काढणार?

▪️ जीभ, डोळा आणि तुरीची डाळ

पनवेल हे तळ्यांचं आणि विहिरींचं गाव. नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही तळ्यांची नावं आजही आपल्या तोंडात आहेत. नळ येण्याआधी इथला संसार या तळ्यांवर आणि वाड्यांमधल्या, आळींमधल्या विहिरींवर चालायचा.

त्या काळी लोक पाणी तपासत नव्हते असं नाही. खाडीकाठच्या गावांत प्रत्येक विहिरीची ख्याती ठरलेली असे. ही गोडी, ती मचूळ. हिच्या पाण्यात डाळ शिजते, तिच्यात शिजत नाही. अमुक विहिरीच्या पाण्याने हंड्याला तांबूस थर बसतो, म्हणून ते पिण्याला नको, धुण्याभांड्याला ठीक. जीभ, डोळा आणि तुरीची डाळ हीच प्रयोगशाळा. खारेपणा, जडपणा आणि लोह या तिन्ही गोष्टी ती बऱ्यापैकी पकडायची.

सार्वजनिक जीवनात मात्र तेव्हा पाण्याचा मोठा प्रश्न वेगळाच होता. पाणी कोणी भरायचं? तो प्रश्न आपल्याच जिल्ह्यात, महाडला, ऐरणीवर आला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, पण कागदावरच राहिला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि कोर्टकज्जा चालू राहिला तो थेट १९३७ पर्यंत. हाय कोर्टाचा निकाल तेव्हा सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

हे इथे सांगायचं कारण आहे. पाण्याचे तीन प्रश्न असतात: कोणाला, किती आणि कसलं. पहिल्यासाठी सत्याग्रह झाला. दुसऱ्यासाठी धरणं झाली, टँकर आले, बोअर आल्या. तिसरा नेहमी शेवटी राहिला.

▪️ नारू नावाचा धडा

जीभ आणि डोळ्याची प्रयोगशाळा एका बाबतीत साफ नापास होती. पाण्यातले जंतू तिला कळत नसत. पटकी तर होतीच, पण जुन्या माणसांना विचारा, नारू आठवेल. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरत. एखाद्याच्या पायाला नारूची जखम असली की जंताची पिल्लं पाण्यात सुटत. तिथल्या बारीक जलकीटकांच्या पोटात ती वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात जात. सुमारे वर्षभराने त्या माणसाच्या पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर यायला लागे. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत, रोज थोडाथोडा ओढत काढायचा. ऐन पेरणीत माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा.

उपाय कळत होता. पायविहिरी बंद करा, पाणी फडक्याने गाळून घ्या आणि जिथे पाय बुडणार नाहीत असं पाणी द्या. जमिनीखालचं, झाकलेलं, पंपाने वर येणारं पाणी. देशाने १९८० च्या दशकात नारूविरुद्ध मोहीमच उघडली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं. सार्वजनिक आरोग्यातलं हे मोठं यश आहे, आणि त्यात हापशाचा वाटा मोठा आहे.

म्हणून पुढे जे लिहिणार आहे ते हापशाला शिव्या देण्यासाठी नाही. हापशाने लाखो लेकरं वाचवली. पण त्याच यशातून एक समजूत घट्ट झाली: वरचं पाणी घाण, खालचं पाणी शुद्ध.

▪️ ७२ चा दुष्काळ आणि हवेचा घण

काळ्या पाषाणात हाताने विहीर खोदायची म्हणजे महिन्यांचं काम. १९६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी छिद्रण यंत्रं आणली. खडकाच्या आत, छिद्राच्या तळाशीच घण आपटत खाली जाणारी. ज्या खडकाला आठवडे लागत, तिथे दिवसांत छिद्र पडू लागलं. मग १९७२ चा दुष्काळ आला. राज्यभर रोजगार हमीची कामं, खडी फोडणारे हात, सुकडी आणि गावोगावी विंधन विहिरी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही याच सुमाराची.

विहीर झाली तरी वर पंप लागतो. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घरासाठी बनवलेले होते. अख्ख्या गावाच्या हाताखाली ते महिन्यादोन महिन्यांत मोडायचे. टिकाऊ पंपाचा शोध लागला तो आपल्या महाराष्ट्रातच. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत एक पंप तयार झाला, सोलापूरला त्याहून भक्कम. त्या सोलापुरी पंपाच्या धर्तीवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' बनला आणि पुढे तो जगभर गेला. आपण ज्याला नुसतं हापसा म्हणतो त्याचं मूळ घर सोलापूर-जालना. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

आता त्या काळातला कामाचा हिशेब बघा. किती गावं झाली? किती छिद्रं पाडली? किती पंप बसले? दुष्काळात हाच हिशेब बरोबर होता. माणूस तहानलेला असताना त्याला थांब, आधी बाटली प्रयोगशाळेत पाठवतो, असं कोण म्हणणार? पण दुष्काळ संपला तरी हिशेबाची पद्धत तीच राहिली. चूक तिथे झाली.

▪️ नेल्लोरचे बैल

वाईट याचं वाटतं की धोका काय आहे हे तोवर कळून चुकलं होतं. अगदी आपल्याच देशात.

१९३० च्या दशकात, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की बैल आखडतायत. सांधे धरलेत, नांगराला चालत नाहीत. काही वर्षांनी तीच तऱ्हा माणसांत दिसली. पाठीचा कणा बांबूसारखा ताठ, मान वळत नाही, खाली बसता येत नाही. १९३७ साली हेन्री शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर लेख लिहिला. पिण्याच्या पाण्यातलं जास्तीचं फ्लोराईड हाडांत साचतंय, हे भारतात प्रथम नीट मांडलं गेलं. १९४० मध्ये चिंतामण गोविंद पंडित आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या या रोगाचा आणखी अभ्यास प्रसिद्ध केला. हेच पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले.

तिकडे अमेरिकेत दातांवर तपकिरी डाग का पडतात याचा शोध कोलोरॅडोतल्या एका दंतवैद्याने वर्षानुवर्षं चालवला होता. १९३१ मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने विहिरीचं पाणी तपासलं आणि गुन्हेगार सापडला. तोही फ्लोराईडच.

म्हणजे हवेचा घण भारतात यायच्या तीस वर्षं आधी हे ज्ञान छापून आलेलं होतं. पण ते होतं वैद्यकीय नियतकालिकांत, आणि छिद्रं पाडत होतं दुसरंच खातं. एका कपाटातला कागद दुसऱ्या कपाटात जायला आपल्याकडे किती वर्षं लागतात, हे पनवेलकरांना वेगळं सांगायला नको.

▪️ खडक पाण्यात कसा उतरतो

थोडं विज्ञान, कंटाळू नका.

काही खडकांत, विशेषतः ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांत, फ्लोराईड असलेली खनिजं असतात. पाणी त्यांच्या भेगांत जितका जास्त काळ मुरतं तितकं फ्लोराईड त्यात जास्त उतरतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असेल तर फ्लोराईड मोकळं राहतं. उथळ विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात बदलतं, त्यामुळे त्याला खडकाशी ओळख करून घ्यायला फारसा वेळच मिळत नाही. खोल बोअरचं पाणी मात्र वर्षानुवर्षं खडकाच्या सहवासात असतं.

यातली गंमत लक्षात आली का? कॅल्शियम जास्त असलेलं पाणी 'जड' लागतं, त्यात डाळ शिजत नाही. ते कमी असलेलं पाणी मऊ, गोड लागतं. म्हणजे आजीची डाळीची कसोटी इथे उलटी पडू शकते. जिभेला गोड लागलेलं पाणीच जास्त फ्लोराईडचं निघू शकतं.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यापुढे आधी लहान मुलांचे दात जातात. साधारण आठ वर्षांपर्यंत, पक्के दात हिरडीखाली घडत असताना, जे पाणी पोटात जातं त्याचे डाग आयुष्यभर राहतात. पातळी आणखी जास्त असली आणि वर्षं सरली, की सांधे आणि कणा.

▪️ महाराष्ट्रात काय घडलं

आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, बीड अशा जिल्ह्यांच्या काही भागांत हे दुखणं आहे. पूर्व विदर्भात जुने कठीण खडक आहेत, तिथे समजू शकतं. पण यवतमाळच्या पांढरकवडा भागातल्या भूजलातही फ्लोराईड आढळलं आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या शास्त्रज्ञाने २००७ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. ज्या गावांत पूर्वी लोक नदी-नाल्याचं, झिऱ्याचं, उथळ विहिरीचं पाणी पीत, तिथे हापसा आला, जुलाब-उलट्या कमी झाल्या आणि पुढच्या पिढीच्या दातांवर डाग आले.

हे डाग म्हणजे नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. लग्न जमवताना मुलीला हसायला सांगतात, तेव्हा तो काय असतो ते कळतं. आणि ज्याचे गुडघे वाकले, त्याची मजुरी गेली. कुपोषण असेल तर त्रास वाढतो. दूध, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पुरेसं मिळणाऱ्या शरीरावर फ्लोराईडचा मारा काहीसा सौम्य होतो. म्हणजे एकाच हापशाचं पाणी पिऊन खात्यापित्या घरातला माणूस कमी भोगतो, मजुराच्या घरातला जास्त. महाडचा 'कोणाला' हा प्रश्न इथे वेगळ्या वाटेने परत येतो.

सरकारने काय केलं? पंपाला लाल रंग मारायचा आणि 'पाणी पिण्यास अयोग्य' असं लिहायचं. बरोबरच आहे. पण लाल पंप दारात आणि चांगलं पाणी अर्धा कोस लांब असेल तर डोक्यावर हंडा असलेली बाई कुठे जाईल? पर्याय न देता मारलेला रंग हा फक्त सरकारी खात्याच्या सुटकेचा रंग असतो.

▪️ नागपूरचा उपाय आणि त्याची मर्यादा

उपाय शोधण्यातही महाराष्ट्र मागे नव्हता. नागपूरची 'नीरी' ही संस्था १९५८ पासून सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीवर काम करत आली आहे. १९७० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी फ्लोराईड काढायची एक स्वस्त पद्धत बसवली. आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) एका पीडित जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर ठरावीक प्रमाणात पाण्यात टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. बादलीत होतं, टाकीतही होतं. वीज नको, परदेशी यंत्र नको.

कागदावर उत्तम. पण मात्रा पाण्यागणिक बदलते. तुरटी कमी पडली तर फ्लोराईड राहतं, बेताल झाली तर अॅल्युमिनियम उरतं, आणि रोजचा गाळ टाकायचा कुठे? गावात हे रोज, न चुकता, वर्षानुवर्षं कोण करणार? पुढे सक्रिय अॅल्युमिनाचे फिल्टर आले, आरओचे एटीएम आले. सगळ्यांची अडचण शेवटी एकच. यंत्र बसवायला निधी मिळतो, चालवायला माणूस मिळत नाही.

म्हणून या सगळ्या इतिहासातून सर्वांत टिकाऊ उपाय दिसतो तो साधाच आहे. पिण्यापुरतं पाणी दुसरीकडून आणा. माणसाला प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला थोडे लिटर लागतात. बाकी अंघोळ, धुणं, फरशी त्याच बोअरच्या पाण्यावर चालू द्या, त्याने अपाय नाही. पिण्याचं तेवढं धरणाचं, पावसाचं किंवा तपासलेल्या उथळ विहिरीचं.

▪️ बंगालचा रंगीत पंप

हीच गोष्ट बंगालमध्ये कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडली. तळ्याच्या पाण्याने पटकी होते म्हणून गावोगावी नळकूप बसले. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहातांवर खडबडीत गाठी आणि अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेले रुग्ण येऊ लागले. ती आर्सेनिकची विषबाधा निघाली. हिमालयातून नद्यांनी हजारो वर्षांत आणलेल्या गाळातलं नैसर्गिक आर्सेनिक पाण्यात सुटत होतं. बांगलादेशात १९९३ मध्ये ते सापडलं, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते.

पण बांगलादेशने पुढे एक गोष्ट केली ती आपण शिकण्यासारखी आहे. सुमारे ५० लाख नळकूप जागेवर तपासले आणि प्रत्येकावर रंग मारला. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. पन्नास पावलांवरचे दोन पंप, एक लाल, एक हिरवा, असंही निघालं. अनेक कुटुंबांनी शेजारच्या हिरव्या पंपावरून पाणी न्यायला सुरुवात केली. तिथे लाल रंगाला जवळच पर्याय होता, म्हणून तो कामी आला. प्रत्येक पंपाचा निकाल त्याच पंपावर, सगळ्यांना दिसेल असा लिहिलेला असणं, हाच अर्धा उपाय ठरला.

▪️ मग पनवेलचं काय?

आधी घबराट काढून टाकूया. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि या खडकात फ्लोराईडचा त्रास सहसा कमी असतो. पण 'सहसा' म्हणजे 'नाहीच' नव्हे. पांढरकवड्याने ते दाखवलंय. कोकणातल्या उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, खोलातून येणाऱ्या पाण्यातही फ्लोराईड आढळतं, आणि पालीजवळचं उन्हेरे आपल्याच जिल्ह्यात आहे. खोल गेलं की पाण्याचा स्वभाव बदलतो, एवढाच याचा अर्थ.

आपला खरा नैसर्गिक शत्रू खारेपणा आहे. खाडीकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असावी तसं. जुना ठोकताळा असा की समुद्राच्या सरासरी पातळीवर गोड्या पाण्याचा एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी मिळतं. उलट बघा: वरची पातळी उपसून एक फूट उतरवली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. भेगाळ खडकात हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा हीच. आधी एक बोअर मचूळ होते, मग शेजारची. कामोठे, खारघर, नवीन पनवेल, जुनी खाडीकाठची गावं, सगळ्यांनी हे मनावर घ्यावं. आणि खारं पाणी म्हणजे फक्त बेचव पाणी नाही. बांगलादेशच्या किनारी भागातल्या अभ्यासात खाऱ्या पिण्याच्या पाण्याचा गर्भवती महिलांच्या वाढलेल्या रक्तदाबाशी संबंध दिसला आहे.

पनवेलला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नांदेड-यवतमाळच्या गावाला जे नशीब नाही ते आपल्याला आहे. तरीही आपण मे महिन्यात आणखी खोल जातो.

आता काय करायचं? माझ्या मते एवढं:

१) नवीन असो की जुनी, सोसायटीच्या बोअरचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून वर्षातून दोनदा तपासा. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा संपल्यावर. जंतूंबरोबर फ्लोराईड, क्लोराईड, नायट्रेट, लोह आणि जडपणा हे सगळं मागा. जिल्ह्याच्या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा सामान्य नागरिकांसाठी माफक शुल्कात खुल्या आहेत.

२) टीडीएसच्या पेनावर विसंबू नका. तो एकूण क्षार सांगतो, कोणता क्षार ते सांगत नाही. टीडीएस छान आणि फ्लोराईड जास्त, असं होऊ शकतं.

३) टीसीएल पावडरने जंतू मरतात, फ्लोराईड किंवा मीठ जात नाही. पाणी उकळल्यानेही जात नाही. उलट पाणी आटतं, क्षार तेवढेच राहतात.

४) बोअरला सॉफ्टनर बसवला असेल तर ते पाणी पिऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम टाकतो. गिझरला बरं, रक्तदाबाला नाही. आरओने फ्लोराईड बरंचसं जातं, पण एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. गरज असेल तिथे आणि पिण्यापुरताच वापरा.

५) गावांतल्या मंडळींसाठी: ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांबद्दल लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, ते स्रोताच्या स्वच्छतेच्या पाहणीवर. हिरवं कार्ड म्हणजे आजूबाजूला घाण नाही आणि साथीचा धोका कमी. खडकातून काय उतरतंय ते त्यात येत नाही. रासायनिक तपासणीचा कागद वेगळा असतो, तो ग्रामसभेत मागा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना जागेवर पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, त्यांच्याकडे किट आहे का, हेही विचारा.

६) गच्चीवरचं पाणी गाळून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडा. प्लॅन पास करताना दाखवलेला तो खड्डा आज कुठे आहे, एकदा शोधा. जमिनीतली साय जाड ठेवायचा आपल्या हातातला हाच मार्ग आहे.

७) महापालिकेसाठी: पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, तिच्यात कितीतरी गावं आली, त्या गावांच्या विहिरी आणि हापसे आले. हद्दीतल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीचा, हापशाचा रासायनिक निकाल वॉर्डनिहाय आणि तारखेसह जाहीर करा, आणि त्या त्या पंपावर रंगवा. यासाठी धरण बांधायला लागत नाही.

भूजलाचा राज्य कायदा २००९ चा आहे, २०१४ पासून लागू आहे. ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल गेलेल्या विहिरीला तो 'खोल विहीर' मानतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. हे किती बोअरवाले सांगतात आणि किती सोसायट्या विचारतात, ते तुम्हीच बघा.

१९७२ मध्ये ज्यांनी न तपासता पाणी दिलं त्यांना दोष द्यायला मन होत नाही. समोर माणसं आणि गुरं तडफडत होती. आपल्यासमोर तसं काही नाही. आपल्याकडे प्रयोगशाळा आहे, पाऊस आहे, मोबाईलवर निकाल येतो. नेल्लोरचा लेख छापून येऊन आता ८५ वर्षांहून जास्त काळ झाला. आता कळलं नव्हतं असं म्हणायची सोय उरलेली नाही.

तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये बोअरचा विषय निघाला की किती फूट आणि किती इंच हे जरूर विचारा. त्याच दमात पाण्याचा रिपोर्टही मागा, आणि आला की लिफ्टशेजारच्या बोर्डवर लावा. तुमच्या इमारतीत असा रिपोर्ट लागलेला असेल तर त्याची तारीख आणि आकडे कमेंटमध्ये टाका. वॉर्डवार यादी आपणच सुरू करू.